पाऊण तास दार बंद

जहाजावरून, ९ जून

मामा,

बंदर सुटून चार दिवस झाले. पहिले दोन दिवस पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही, आता पाय डेकवर टिकायला लागलेत. इथून मजकूर फक्त शनिवारी जातो-येतो, तोही नुसती अक्षरं. फोटो पाठवायचं नाव काढलं तरी कॅप्टन डोळे वटारतो. म्हणून तू कागदावर लिही आणि संस्थेतल्या कारकुनाकडे दे, तो टाइप करून पाठवेल. मात्र माझ्या लहानपणच्या गोष्टी लिहू नकोस, नाहीतर परत आल्यावर मला तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता कामाचं. तुला सगळं तोंडपाठ आहे हे माहीत आहे, पण माझ्या समाधानासाठी पुन्हा वाच. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत नऊ बाटल्या आहेत. त्यांतले जीव मी चार वर्षांपूर्वी भर समुद्रातून, जिथे ऊन पोचत नाही तिथून आणले. आर्किया म्हणतात त्यांना. जंतूंसारखे दिसतात, पण जंतूंच्या कुळातले नाहीत. अमोनिया खायचा आणि नायट्राइट टाकायचं, एवढाच त्यांचा संसार. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना खायला घालायचं, थेंब मोजून. जास्त घातलंस तर मरतील, उजेड दाखवलास तर रुसतील. म्हणून काळे बुरखे काढायच्या आधी दार लावायचं, लाल टॉर्चवर काम करायचं, आणि बुरखे परत चढेपर्यंत दार उघडायचं नाही. पाऊण तास लागतो. बाहेर आग लागली तरी पाऊण तास दार बंद.

आणि सात नंबरला जप. तिच्यात आता दुसरे जंतू जवळजवळ उरलेले नाहीत. आमच्या विभागाच्या बाई निघताना म्हणाल्या, सात नंबर शुद्ध झाली तर नोव्हेंबरात कायमची जागा तुझीच. नाहीतर मी आहेच, जन्माची तात्पुरती.

मामीला सांग, मी जेवते.

तुझी
मुंगी

२३ जून

मुंगे,

आशीर्वाद वेगळे लिहीत नाही, ते धरून चाल. कारकून माणूस भला आहे, पण शब्द न शब्द तपासतो. माझा एखादा स्वल्पविराम राहिला तर पदरचा घालतो.

तुझी लेकरं मजेत आहेत. चाळीस वर्षं इस्पितळात लोकांचं रक्त तपासलं, पण रक्त निदान लाल तरी असतं. ही तुझी मंडळी दिसत नाहीत, हलत नाहीत, आणि वाढतात इतकी सावकाश की त्यापेक्षा सरकारी फाईल बरी. तरी थेंबभर पाणी काढून त्यात नायट्राइट ओळखायची दोन्ही औषधं टाकली की गुलाबी रंग चढतो आणि मला कळतं, जेवली. सात नंबरचा गुलाबी सगळ्यांत गडद. रिटायर झाल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न होता, तो सुटला. घरात मी नसतो म्हणून मामीही खूश आहे.

तिने मला परवा डॉक्टरकडे ओढत नेलं. नोकरीत असताना ती कुणाची तरी सुई बोटात घुसली, तेव्हापासून माझं लिव्हर हप्त्याहप्त्याने राजीनामा देतंय, हे तुला नवं नाही. डॉक्टर म्हणाला, आतड्यात अमोनिया तयार होतो, तो लिव्हरने निस्तरायचा असतो. तुमचं निस्तरत नाही, म्हणून तो डोक्यात चढतो. मी म्हटलं, "डॉक्टर, अमोनियाखाऊंच्या नऊ बाटल्या माझ्या ताब्यात आहेत, एखादी पिऊन टाकू का?" तो हसला नाही. मामी तर मुळीच हसली नाही.

पाकासारखं गोड औषध दिलंय, दिवसातून तीनदा. ते घेतलं की चार वेळा पळावं लागतं. डॉक्टरचं म्हणणं, पळताय म्हणजेच औषध लागू पडतंय. पळणं थांबलं तर अमोनिया आतच साठेल. मग आधी झोप उलटीपालटी होईल, मग हात फडफडतील, मग माणसं ओळखू येणार नाहीत, आणि त्यापुढचं त्याने मामीकडे बघून गिळलं. तेव्हा सध्या माझं आयुष्य म्हणजे बाटल्या आणि संडास.

तुझा
मामा

७ जुलै

मामा,

फाईलचा विनोद मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवला. औषध मात्र एकदाही चुकवू नकोस. डॉक्टर शंभर टक्के बरोबर सांगतोय. अमोनिया माझ्या लेकरांचं अन्न असेल, तुझ्या डोक्याला ते विष आहे.

इकडे आमचीही अमोनियाने दमछाक केलीय. भर समुद्रात तो इतका कमी की मोजताना मशीनला घाम फुटतो. नमुना घेताना आम्ही तोंड फिरवून श्वास सोडतो, कारण श्वासातलाही पकडला जातो. आणि परवा काय झालं! एका खलाशाने आम्हाला खूश करायला सगळी प्रयोगशाळा कसल्याशा उग्र साबणाने चकचकीत पुसून काढली. त्या साबणात अमोनिया. तीन दिवसांचे नमुने फुकट. तो बिचारा दारात उभा राहून शाबासकीची वाट बघत होता आणि मी त्याच्यावर असं तोंडसुख घेतलं की आता तो मला बघून दुसऱ्या जिन्याने जातो. चूक माझीच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सात नंबरचे आकडे दर पत्रात पाठव. विसरू नकोस.

मुंगी

२१ जुलै

मुंगे,

माझ्या हातून एक चूक झाली आहे. लपवून ठेवत नाही.

मागच्या आठवड्यात गुरुवारी बुरखे काढले, पाच बाटल्या झाल्या, आणि पोटात जी कळ आली तिला पाऊण तास थांब म्हणायची सोय नव्हती. चार मिनिटं दातओठ आवळून उभा राहिलो, मग पळालो. तळघरातला संडास पार दुसऱ्या टोकाला आहे. घाईत दार उघडंच राहिलं. परत आलो तेव्हा बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट बाटल्यांवर पडलेला. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. कमी करून सांगत नाही.

सोमवारी बाकीच्या बाटल्या गुलाबी, दारासमोरच्या सात नंबरला मात्र गुलाबी नाही. काल-परवाही नाही. नुसतं पांढरं पाणी. नवी औषधं फोडून तिसऱ्यांदा करून बघितलं, तेच. चाळीस वर्षांत मी एका रोग्याचा नमुना सांडला नाही, आणि घरच्याच पोरीचा घालवला. दोन दिवस जेवण गेलं नाही. मामी म्हणाली, "पोरगी काय खाणार आहे का तुला? सरळ लिहून टाक." म्हणून लिहिलं.

मामा

२८ जुलै

मामा,

मी चार वर्षं काय केलं हे तुला कळतं का? चारशे वेळा मी त्या बाटल्यांना खायला घातलंय. तापात घातलंय. मैत्रिणीचं लग्न सोडून घातलंय. तुझ्याकडून मी एकच मागितलं होतं, पाऊण तास. आठवड्यातून दोनदा, फक्त पाऊण तास. तेवढंही होणार नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी बाईंना दुसरा माणूस बघायला सांगते.

आठ दिवस सात नंबरला हात लावू नकोस. नंतर निम्मं खायला घाल. कदाचित उठेल.

मुंगी

११ ऑगस्ट

मुंगे,

पत्र पोचलं. बाईंना काही सांगायची गरज नाही. मी करतो.

आधी चांगली बातमी. सात नंबर उठली! सोमवारी जरासा गुलाबी चढला, गुरुवारी पहिल्यासारखा, किंबहुना जास्तच गडद. मी एकटाच त्या अंधारात "वा!" म्हणून ओरडलो. बाहेर कारकून दचकला असं त्यानेच सांगितलं.

दाराचाही तोडगा काढलाय. सोमवारी, गुरुवारी ते पळायला लावणारं औषध बंद केलं. पण आदल्या दिवशी घेतलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावतं, म्हणून रविवार आणि बुधवारही बंद केले. उरले तीन दिवस, त्यांचं काय कौतुक? तू येईपर्यंत पूर्णच थांबवलंय. पोट एकदम शहाणं झालं आहे, दोन दोन दिवस चकार शब्द काढत नाही. आता पाऊण तास काय, दीड तास उभा करा. मामीची कटकट चालू आहे. तिला म्हटलं, मुंगीला कळवलंय. काही चुकत असेल तर तू लिहिशीलच.

सात नंबरचे आकडे खाली दिलेत. चढते आहेत बघ.

मामा

१८ ऑगस्ट

माझ्या लाडक्या मामा,

आकडे बघून मी डेकवर नाचले! खरंच नाचले, त्या साबणवाल्या खलाशालासुद्धा हाताला धरून नाचवलं. आमची दिलजमाई झाली एकदाची. अशी चढण सात नंबरने चार वर्षांत कधी दाखवली नव्हती. आठवडाभर उपाशी ठेवल्याने उरलेसुरले जंतू मेले असतील आणि आता आर्कियांना रान मोकळं मिळालं असेल. तुझी चूक माझ्या पथ्यावर पडली म्हण! मागच्या पत्रात मी फार तोडून बोलले. मनावर घेऊ नकोस, तुझ्याशिवाय मी रागावणार कुणावर?

आता एक जास्तीचं काम. सात नंबरमधलं दहावा हिस्सा पाणी नव्या बाटलीत घाल. दोन्हींना यापुढे सोमवार-गुरुवार नाही, रोज थोडं थोडं दे. रोज जावं लागेल, पण तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मी येईन तोवर नवी बाटली तयार असली की बाईंच्या समोर ठेवायची आणि म्हणायचं, घ्या, मोजा.

परवा आम्ही चार हजार मीटरवरून पाणी काढलं. बर्फासारखं गार, काचेसारखं स्वच्छ. एवढ्या खोल, कुणी बघायला नाही, तरी तिथे प्रत्येक थेंबात ही मंडळी निमूटपणे खात बसलेली. कुणाचा तरी कचरा निस्तरतात म्हणून समुद्र चालतो. अशा वेळी मला माझं काम फार आवडतं, मामा.

मामीला गोड पापा.

तुझीच
मुंगी

१ सप्टेंबर

मुंगे,

इकडे सर्व क्षेम आहे. सात नंबरची नवी बाटली उत्तम आहे. रोज जातो. खोलीत बरं वाटतं. थंड आहे, अंधार आहे, कुणी काही विचारत नाही. दुपारी खुर्चीवर डोळा लागतो तो लागतोच. रात्री मात्र टक्क जागा असतो. मामी म्हणते, घुबड झालंय.

काल बसमध्ये दोन थांबे पुढे गेलो. कंडक्टरने विचारलं, आजोबा, कुठे उतरायचंय? मला सांगता येईना. मी हसलो, तोही हसला. बायकोचं नाव सांगितलं, तिथे उतरवा म्हटलं.

टॉर्च धरताना उजेड नाचतो. हात जरा फडफडतात, पण थेंब मोजून घालतो. सात नंबरची नवी बाटली उत्तम आहे. तुझ्या आईला सांग, गुलाबी आला. तिला गुलाबी आवडायचा.

आज सात नंबरला दिलं. आज सात नंबरला दिलं.

मामा

(शेवटची ओळ मूळ कागदावर दोनदा आहे. तशीच ठेवली. कारकून)

८ सप्टेंबर

मामा,

एकाच दिवशी सात नंबरला दोनदा घातलंस की दोनदा लिहिलंस? हे मला लगेच कळायला हवं. दोनदा पडलं तर मरेल ती. दिल्याबरोबर वहीत खूण करत जा आणि खूण बघितल्याशिवाय पुन्हा देऊ नकोस.

आणि आईला मी कुठून सांगू? ती जाऊन सतरा वर्षं झाली. थट्टा होती ना ही? दमला असशील. चार दिवस घरी झोप म्हणणार होते, पण आता बंदराला चारच आठवडे उरलेत. तेवढं रेटून ने. मग मी आले की तू आयुष्यभर झोप.

मुंगी

१५ सप्टेंबर

मॅडम,

मी कार्यालयातला कारकून. आज आपल्या मामांऐवजी मी लिहीत आहे, कृपया घाबरू नये.

मंगळवारी मामा अकरा वाजता खोलीत गेले. दारावर आपल्या हस्ताक्षरातली पाटी आहे, काम चालू असताना कोणत्याही कारणास्तव दार उघडू नये. त्यामुळे कुणी उघडलं नाही. एक वाजता मी डबा खायला चला म्हणून दार ठोठावलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, ऐन कामात असतील. अडीच वाजता पुन्हा ठोठावलं. आपल्या बाटल्या खराब होतील या भीतीने स्वतः न उघडता बाईंना विचारायला वर गेलो. त्या बैठकीत होत्या. बाईंनी परवानगी दिली आणि दार उघडलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

मामा खुर्चीवर बसले होते. हातात टॉर्च चालू होता. सगळ्या बाटल्यांना बुरखे व्यवस्थित चढवलेले होते. मी हाक मारली तर म्हणाले, "कुणाचं रक्त आणलंस? नाव लिही बाटलीवर." नंतर बोलले नाहीत. इस्पितळात आहेत. डोळे उघडतात, पण मामींनाही ओळखत नाहीत.

मॅडम, मला एक कबुली द्यायची आहे. ऑगस्टमधल्या पत्रापासूनच मामांचं अक्षर बिघडत गेलं होतं. ओळी एकमेकींवर चढत, शब्द अर्धे राहत. वय झालं, असं समजून मी सगळं नीट लावून, वाक्यं जुळवून टाइप करत होतो. वाचणाऱ्याला त्रास नको, हाच हेतू होता. एक सप्टेंबरचं पत्र मुळात चार पानांचं होतं, त्यातलं जे कळलं ते मी पाठवलं. जसंच्या तसं पाठवायला हवं होतं, हे आता कळतंय. मंगळवारी त्यांच्या खिशात जो कागद मिळाला, तो एका अक्षराचाही बदल न करता खाली देत आहे.

मुंगी मुंगी
दार लावल आहे
पाऊ पाऊण
सात सात सात गुला
ताई रागवू नको ग मी उघडल नाही

२२ सप्टेंबर

मुंगे,

मी सांगते आहे, कारकून लिहून घेतो आहे. त्याला म्हटलंय, एक शब्द बदललास तर याद राख.

बुधवारी सकाळी तुझे मामा गेले. आठ दिवस झोपूनच होते. मधे एकदा माझा हात धरला, पण मी म्हणून धरला की कठडा म्हणून, ते कळलं नाही. तुझी वाट बघितली नाही. जहाज काही रिक्षा नाही, हात केला आणि वळवली. सगळं उरकलं.

डॉक्टरने रक्तातला अमोनिया मोजला होता. मला आकडा सांगितला आणि मान हलवली. कागद ठेवलाय. मला त्यातलं काय कळणार? तू आलीस की बघ.

तुझ्या बाई भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, सात नंबर आणि ती नवी बाटली दोन्ही जिवंत आहेत, त्यात आता दुसरं काही उरलेलं नाही, अगदी शुद्ध आहे. तुला हे कळवायला सांगितलं, म्हणून कळवते. त्यांनी वही दाखवली. सुरुवातीचं अक्षर छापल्यासारखं. शेवटी नुसत्या रेघोट्या, पण प्रत्येक दिवसाला एकच खूण आहे, दोनदा कधी दिलेलं नाही. इकडे घरी आंघोळ केली की नाही हे तुझ्या मामांना आठवत नसे.

तब्येत सांभाळ. रडत बसू नकोस, समुद्रात पडशील.

मामी

२९ सप्टेंबर

मामी,

हे पत्र कारकुनाच्या हातून जाणार आहे. जाऊ दे. त्यालाही कळू दे.

तो म्हणतो, अक्षर बिघडलं ते त्याने लपवलं. त्याचा दोष नाही. मला अक्षर बघायची गरजच नव्हती. मामाने अकरा ऑगस्टच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, औषध पूर्ण बंद केलंय. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी ती वाचली आणि पुन्हा वाचली. समुद्राच्या पाण्यात अब्जात एखादा कण अमोनिया असला तरी मी ओळखते. माणसाच्या रक्तात तो साठला की काय होतं, ते मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मी उत्तराची पहिली ओळ लिहिली होती, "मामा, आजच्या आज औषध परत सुरू कर." मग खाली सात नंबरचे आकडे बघितले. मनात आलं, औषध सुरू झालं की पळणं आलं, पळणं आलं की दार उघडणं आलं. मी ती ओळ पुसली. स्वतःला समजावलं, सातच आठवड्यांचा तर प्रश्न आहे, एवढ्यात काय होतंय, मामी बघेलच. आणि मग नाचल्याबिचल्याचं लिहिलं. त्याने आईचं नाव काढलं तेव्हा मी काय ते समजले होते. तरी थट्टा म्हणाले, आणि रेटून ने म्हणाले.

मी कायमच्या जागेच्या मुलाखतीला जाणार नाही. बाईंना सांग, सात नंबर ओतून टाका. तू मला घरात घेतली नाहीस तरी मी काही बोलणार नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून तू मला वाढवलंस, मामी, आणि मी तुझा माणूस मारला.

मुंगी

३ ऑक्टोबर

मुंगे,

हे पत्र कारकुनाकडे दिलेलं नाही. माझ्या हाताने लिहून टपालाने बंदरावरच्या कचेरीत पाठवते आहे, उतरलीस की मिळेल. अक्षर वाईट आहे, चालवून घे.

तुझं पत्र कारकुनाने आणून दिलं आणि तो दारातच उभा राहिला. त्याला चहा देऊन घालवलं. मग वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुला शिव्या घालाव्यात. दुसऱ्यांदा वाचूनही तेच वाटलं. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. पुढे कधी होईल का, तेही माहीत नाही. पण घर तुझंच आहे, किल्ली नेहमीच्या जागी आहे. आणि ओतून टाका म्हणे! कुणी जीव टाकला त्या बाटलीवर? तू नाही टाकलास. मुलाखतीला जायचं, जागा घ्यायची आणि त्या बाटल्या सांभाळायच्या. आवडो न आवडो.

आता माझं ऐक. तू एकटीने सगळं ओढून घेऊ नकोस, तेवढा तुझा हक्क नाही.

त्यांनी औषध थांबवलं तेव्हा मी रोज भांडत होते. बाटली उचलून त्यांच्या ताटासमोर आपटत होते. शेवटी आमचं ठरलं की तुझ्या उत्तराची वाट बघायची. त्यांनी मला वचन दिलं होतं, मुंगीने एक शब्द जरी लिहिला तरी त्याच मिनिटाला घेतो. तुझं अठरा ऑगस्टचं पत्र आलं. खुर्चीत बसून त्यांनी मोठ्याने वाचलं, मी पदराला हात पुसत शेजारी उभी. नाचल्याचं वाचून हसले. संपल्यावर मी विचारलं, "आणि औषधाचं?" त्यांनी कागद उलटून बघितला, मागे काही आहे का. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, मनात. आणि म्हणाले, "बघ, काही म्हणत नाही. अमोनियातलं तिला कळतं. वाईट असतं तर सगळ्यात आधी तिने तेच लिहिलं असतं ना?"

खूश होते गं. मलाही पटलं. मी ती बाटली उचलली, कपाटात ठेवली, आणि त्यानंतर एकदाही भांडले नाही.

मामी